चार नंबरचं उत्तर

जळगावच्या रिंग रोडवर फरशीच्या एका दुकानाशेजारून जिना वर जातो. त्या जिन्यानं वर गेलं की रुपचंद सरांचा क्लास. पाटीवर लिहिलंय, 'परदेश शिक्षण मार्गदर्शन व मुलाखत तयारी'. मार्गदर्शन करणारा हा गृहस्थ आयुष्यात मुंबईच्या पलीकडे गेलेला नाही, हे पाटीवर लिहिलेलं नाही. लिहायचं कशाला? विचारतंय कोण? ज्यांनी विचारायचं ते बाप पोराला पुढे ढकलून दारातच हात जोडून उभे असतात.

सर धरणगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. शिकवलं म्हणजे काय, गाईड वाचून दाखवलं. त्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकच सिद्धांत पक्का केला. खान्देशातलं पोरगं ढ असतं, आणि त्याचा बाप त्याच्याहून ढ. हे मत त्यांनी कधी झाकून ठेवलं नाही. पोरगं समोर बसलं की ते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "तोंड मिटून छान दिसतोस. उघडलंस की घात." बाप हसायचे. पोराचा अपमान झाला की सर तळमळीनं शिकवतात असं त्यांना वाटायचं. आपल्याकडे जो अंगावर ओरडतो तोच मोठा मास्तर, हे कुणी कधी ठरवलं कोण जाणे.

साक्रीकडच्या एका खेड्यातला वना आपल्या मुलाला घेऊन आला तेव्हा म्हणाला, "सर, पोऱ्या मना हुशार शे. बठ्ठं पाठ शे त्याले. फक्त बोलाले लाजस."

"हुशार असता तर तुमच्या पोटी आला असता का?" सर म्हणाले. आणि वना, डोंगराच्या कुशीत पावसाच्या भरवशावर शेती करणारा, उन्हानं रापलेला तो सरळ माणूस, मान डोलावून म्हणाला, "ते बी खरं शे."

क्लासमध्ये सरांनी सुताराकडून एक खिडकी करून घेतली होती. प्लायवुडची चौकट, मध्ये काच, काचेला बोलायला भोकं. मुंबईच्या व्हिसा कचेरीत असते तशी. सर आत उंच स्टुलावर बसायचे आणि पोरं बाहेर रांगेत उभी. स्टुलावर बसलं की त्यांचा आवाजच बदलायचा. गोऱ्या साहेबाचा आव आणून ते असं काही इंग्रजी बोलायचे की खरा साहेब ऐकता तर बिचारा रजेवर गेला असता.

सल्ले मात्र अगदीच टाकाऊ नव्हते. पांढरा शर्ट घाला. दाढी करा. मनगटावरचे गंडेदोरे काढून ठेवा, देवाला काय सांगायचं ते आदल्या दिवशी सांगून या. फाईल डाव्या हातात धरा आणि मागितल्याशिवाय कागद पुढे करू नका, समोर तलाठी बसलेला नाही. जो कोर्स शिकायला चाललात त्याचं नाव तरी पाठ करा. हा शेवटचा सल्ला ऐकून निम्मी पोरं खिशातले मोबाईल काढून कोर्सचं नाव शोधायची. शेजारच्या गल्लीतला कुणीतरी ज्या युनिव्हर्सिटीत गेला तिथंच हे चाललेले. त्यानं जे घेतलं तेच हे घेणार. केळीची टिश्यू कल्चरची रोपं आणताना बाप दहा ठिकाणी चौकशी करतो, रोप उलटंपालटं करून मुळ्या बघतो. पोराच्या बाबतीत मात्र "पाटलाच्या पोरानं हेच लावलं" एवढ्यावर काम भागतं.

खरी अडचण एकाच प्रश्नाशी यायची. शिकून झाल्यावर परत कशाला याल? त्या खिडकीत हा प्रश्न हमखास निघतो. परत येण्यासारखं तुमचं इथं काहीतरी आहे, हे त्यांना पटावं लागतं. नाही पटलं तर पासपोर्ट परत आणि हातात छापील चिठ्ठी. या एका प्रश्नाला आमच्या वीरांची उत्तरं ऐकावीत. एक म्हणाला, "आय लव्ह माय मदर." सर आतून ओरडले, "बाकीचे काय आईला विष घालून येतात?" दुसरा म्हणाला, तिथं शेवभाजी मिळत नाही. पहूरचा एक जण जरा विचार करून म्हणाला, "घरच्यांनी यायला सांगितलंय."

सरांनी मग उत्तरं छापूनच ठेवली. एक नंबरात आईवडिलांची सेवा होती, दोन नंबरात देशाची सेवा, आणि तीन नंबरात वडिलांचा धंदा वाढवायचा होता. पोरांनी कागद घ्यायचा, घोकायचा, खिडकीत ओकायचा. "तुम्ही विचार करू नका," सर सांगायचे, "तो तुमचा प्रांत नाही." एकानं धीर करून विचारलं होतं, सर, आम्ही आमच्या मनानं सांगितलं तर? त्यावर सर इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं.

या हसण्यामागची गोष्ट सरांनी कुणालाच सांगितलेली नाही. घरच्या इंदिराबाईंना तेवढी ठाऊक आहे, आणि नवऱ्याचं झाकलेलं उघडं करायची त्यांची रीत नाही. वीसेक वर्षांपूर्वी शिक्षकांची एक सहल अमेरिकेला निघाली होती. सर नवा सफारी शिवून मुंबईला गेले, त्या खऱ्या खिडकीसमोर उभे राहिले. त्यांनाही तोच प्रश्न आला. आता या माणसाला धरणगावात घर होतं, कायमची नोकरी होती, बायको होती, विहिरीसकट चार एकर जमीन होती. त्यातलं एकही त्यांना सुचलं नाही. इंग्रजीचे प्राध्यापक तीन वेळा "आय... आय..." म्हणाले आणि गप्प झाले. गावी येऊन सांगितलं, मीच नाही गेलो, बोर्डाचे पेपर तपासायचे होते. तेव्हापासून त्यांनी ठरवून टाकलं की या प्रश्नाला कुणाकडेच स्वतःचं उत्तर नसतं. स्वतःला जमलं नाही ते जगात कुणालाच जमत नाही, असं मानलं की झोप चांगली लागते.

आणि डिसेंबरात रावेरकडचा रतिलाल आपल्या मुलीला, डिंपलला, घेऊन आला.

रतिलाल केळीवाला. मोठी बाग नव्हे, पोटापुरती. हातांना केळीच्या चिकाचे काळे डाग, ते लग्नातही निघत नाहीत. तो म्हणाला, "सर, पोरगी हुशार हाये पा. तिले अर्धी फी माफ झाली तिकडं. पन याच सालापुरती. या साली गेली तं गेली, नाही तं पूर्ण फी काही आपल्याच्यानं व्हत नाही. तुमी तेवढी तिची तयारी करून द्या."

डिंपल तेवीस वर्षांची, जळगावलाच फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीनं तिला घेतलं होतं, आणि बाप म्हणाला ते खरं होतं, माफीची ती जागा एका वर्षाला एकाच मुलीला मिळते. सरांनी तिच्याकडे न बघताच खिडकीकडे बोट केलं. स्टुलावर चढले, घसा खाकरला आणि पहिलाच प्रश्न तो टाकला. सुरुवातीलाच पोराची जिरवली की पुढं सोपं जातं, ही त्यांची पद्धत.

ती म्हणाली, "आमच्याकडे केळी आहे. व्यापारी कापणीला येतो तेव्हा चांगले घड निवडून नेतो. उरलेल्या मालाला वापसी म्हणतात. तो मातीमोल जातो, नाहीतर बांधावर सडतो. माझी आई त्यातली कच्ची केळी चिरते, गच्चीवर खाटेवर साडी टाकून वाळवते आणि दळून पीठ करते. गावातल्या बायका उपवासाला नेतात. पण दीड महिन्यात ते पीठ काळं पडतं, आणि आई टाकून देते. ते काळं का पडतं आणि कसं थांबवायचं, ते मला शिकायचंय. शिकून झालं की मला इथंच यावं लागेल. केळी तिथं नाही, आई तिथं नाही. ते पीठ घेऊन मी तिथं कुठं बसू?"

इंग्रजी साधंच होतं. दोन ठिकाणी अडलं. पण अडूनही ती थांबली नाही, कारण पुढं काय सांगायचं ते तिला आठवावं लागत नव्हतं.

हे सरांना आवडलं का? आवडलं, फार आवडलं. तितकंच टोचलंही. मग ते म्हणाले, "ठीक आहे. व्याकरण दोन जागी चुकलं. बापाला म्हणावं, आनंदात घरी जा." आणि काचेच्या खाली, कुणाला दिसणार नाही असं, त्यांचा हात वहीत भराभर चालला होता.

त्याच दुपारी त्यांनी ते टाईप करून घेतलं. व्याकरण दुरुस्त केलं, चाळीस झेरॉक्स मारल्या, कोपऱ्यात आकडा टाकला, चार.

सर शनिवारी धुळ्याला जायचे. तिथं झुलाल नावाच्या त्यांच्या मित्राचा गणिताचा क्लास होता, त्याच्या वर्गात एक दिवस यांची खिडकी लागायची. तिथल्या रांगेत कापडाचे व्यापारी सुगनचंदजी यांचा तरुण नावाचा मुलगा होता. मूळचं राजस्थानचं घर, तीन पिढ्या धुळ्यात, आग्रा रोडला दुकान. सरांनी त्याच्या हातात चार नंबर ठेवला.

तरुणनं वाचला आणि म्हणाला, "सर, पण आमचं तर कापडाचं दुकान आहे."

"केळीचं झाड पाहिलंयस का?"

"लग्नात मांडवाला बांधतात ते."

"मग झालं. आणि घरी केळी खाता की नाही?"

"कच्च्या केळ्याची भाजी तर रोजच असते. आम्ही जैन, आमच्याकडे बटाटा चालत नाही ना, सर."

"मग अर्धं खरंच आहे की! उरलेलं अर्धं तोंडानं पूर्ण कर. खिडकीतल्या बाईला काय डोंबल कळतंय, तुझा बाप साड्या विकतो की साड्यांवर केळी वाळवतो?"

आणि तरुण पास झाला. खरंच झाला! फेब्रुवारीत व्हिसा घेऊन आला, सुगनचंदजींनी सरांना शाल घातली, समाजाच्या हॉलमध्ये सत्कार झाला. पाठोपाठ आणखी दोघं पास झाले. मग काय विचारता. चार नंबर, चार नंबर! ज्याच्या त्याच्या तोंडी चार नंबर. पोरांनी फोटो काढून मित्रांना पाठवले, मित्रांनी मावसभावांना. साक्रीच्या डोंगरात त्या वना शेतकऱ्याचा मुलगा, ज्याच्या सात पिढ्यांनी केळीची बाग लावली नाही, तो गुरांमागं फिरताना आपल्या आईच्या केळ्याच्या पिठाचं इंग्रजी घोकत होता. पहूर, धरणगाव, भुसावळ, चोपडा, सगळीकडच्या आया एकाएकी गच्चीवर चढल्या आणि खाटेवर साड्या अंथरून बसल्या. एकाही गाढवाला वाटलं नाही की निदान खाटेची सतरंजी करावी, केळ्यांची पपई करावी. सांगितलंय ना सरांनी, विचार करू नका. नाही केला. आज्ञाधारकपणात आमचा हात कुणी धरणार नाही.

मे महिन्यात ऊन पेटलं तसा पहिला फोन आला. पहूरचाच तो, 'घरच्यांनी यायला सांगितलंय' म्हणणारा. "सर, मी सुरुवात केली अन् त्यांनी हात वर केला. पुरे म्हणाले. चिठ्ठी दिली." सर म्हणाले, "तुझे उच्चार." दोन दिवसांनी भुसावळचा एक परत आला. तसाच, पहिल्या वाक्यालाच. त्यालाही सरांनी उच्चारच सांगितले. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. इंदिराबाईंनी विचारलं तर म्हणाले, उन्हानं होतं. काय झालंय ते त्यांना पुरतं कळलं होतं. एका सकाळी एकाच खिडकीसमोर तीन तीन पोरं तीच खाट आणि तीच साडी घेऊन उभी राहिली तर दगडालाही समजेल. आता चार नंबर बंद करा, हे पोरांना सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे आपण काय केलं तेही सांगायचं. शाल घातलेला माणूस असं सांगतो होय?

व्हिसासाठी लागणारा डिंपलचा युनिव्हर्सिटीचा कागद उशिरा आला. त्यामुळे तिला तारीख मिळाली ती जूनच्या शेवटच्या आठवड्यातली. ऑगस्टात तिकडं वर्ग सुरू होणार, म्हणजे दुसरी तारीख मिळायला वेळच नव्हता. जी काय संधी ती एकच. मधल्या सहा महिन्यांत ती घरीच होती, आईबरोबर पिठाचे डबे घेऊन कशात काय मिसळलं तर रंग टिकतो ते बघत होती. शेवटची तालीम म्हणून एकटीच क्लासला आली आणि रांगेत उभी राहिली.

तिच्या पुढं पाच मुलं होती. पहिल्यानं काचेसमोर तोंड उघडलं. "माझी आई कच्ची केळी चिरते, गच्चीवर खाटेवर साडी टाकून..." डिंपलला आधी वाटलं, याचीही आई करत असेल. दुसऱ्याचीही आई तेच करत होती. तिसऱ्याचीही. चौथ्याला तर 'वापसी' हा शब्द धड म्हणता येईना, तो पारोळ्याच्या एका स्टेशनरी दुकानदाराचा मुलगा होता.

तिची पाळी आली तेव्हा ती काचेसमोर गेलीच नाही. बाजूनं वळून सरांच्या स्टुलापाशी गेली.

"सर, हे माझं आहे."

"काय?"

"हे सगळं. माझ्या आईचं आहे."

सर आजूबाजूला बघून हसले. "उत्तराचा सातबारा असतो का गं कुणाच्या नावावर? चार शब्द तू बोललीस, मी ते सुधारले. पन्नास पोरांचं भलं झालं तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

"मग मी काय सांगू आता?"

एवढा एकच क्षण होता. मेमध्ये नकार घेऊन आलेल्या त्या दोघांबद्दल सांगायचं. म्हणायचं, बाई, माझं चुकलं, हे वाक्य तिथं उच्चारू नकोस. पिठाचा डबा सोबत ने, तुझ्या कॉलेजातल्या प्रयोगाबद्दल बोल, दुसरं काहीही बोल. त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण रांगेत पोरं उभी होती, कान टवकारून.

"तेच सांग," सर म्हणाले. "तुझं तर खरं आहे. खऱ्याला कसली आलीय भीती?"

डिंपल जायला वळली. मग म्हणाली, "आबांना मी काही बोलणार नाही. तारखेच्या तोंडावर त्यांचा जीव घाबरा होईल." आणि गेली.

सरांनी स्वतःची समजूत घातली. खरं ते खरंच, ते कुठंतरी उमटतंच, असं काहीबाही. आयुष्यभर पोरांना खोटं शिकवणाऱ्या या माणसाला ऐन वेळी सत्याच्या ताकदीवर एवढी श्रद्धा जडावी! बोडक्याची श्रद्धा. दुसऱ्याच्या लेकीच्या जिवावर ठेवलेली.

जूनच्या त्या दिवशी रतिलाल मुलीला घेऊन मुंबईला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं जळगावला उतरले आणि घरी न जाता सरळ क्लासला आले. वर दहा-बारा पोरं होती, दोघांचे बापही होते. रतिलालनं चपला दारात काढल्या. डोळे लाल, सदरा चुरगळलेला. डिंपल त्याच्या मागं उभी.

"नाही झालं सर," तो म्हणाला.

"काय विचारलं?" सरांनी विचारलं, आणि विचारताना त्यांना ऐकायचं नव्हतं.

रतिलालनं मुलीकडं बघितलं. डिंपल सपाट आवाजात म्हणाली, "त्या बाईंनी विचारलं, परत कशाला येशील. मी म्हटलं, आमच्याकडे केळी आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, आणि तुझी आई गच्चीवर वाळवते, खाटेवर साडी टाकून, हो ना? मी हो म्हटलं. त्यांनी चिठ्ठी दिली."

कुणीतरी मागं फिसकन हसलं.

"गाडीत मले म्हनते," रतिलाल सांगू लागला, "की तिचं उत्तर सरांनी बठ्ठ्या पोराईले वाटलं म्हनून असं झालं. मी म्हनलं, मूर्ख हायेस का तू? सर असं करतीन? एवढा मोठा मानूस! आपल्याले बोलता आलं नाही, तं मास्तरावर ढकलू नये. सर, तुमी मनावर घेऊ नका. पोरीनं घान केली, मी माफी मांगतो."

त्यानं खरंच हात जोडले. ते चिकानं काळे झालेले हात. सगळी खोली सरांकडं बघत होती, आणि डिंपलही बघत होती. व्हिसा गेला होता, फीची माफी गेली होती, ते काही आता परत मिळणार नव्हतं. तिला एकच हवं होतं. बापाला कळावं की ती खोटं बोलत नाहीये. आणि ते कळवणारं जगात एकच तोंड होतं.

ते तोंड उघडलं. "पोरगी चुकली नाही, रतिलालभाऊ," सर म्हणाले. एवढं बोलले आणि थांबले. पुढचं वाक्य होतं, चुकलो मी. ते काही केल्या बाहेर येईना. पुन्हा त्यांचं "मी... मी..." झालं.

"पाह्य!" रतिलाल मुलीकडं वळून म्हणाला. त्याला भरून आलं होतं. "याले म्हनता मोठं मन. इतकं होऊनबी तुलेच सांभाळून घेऊ राह्यले. पाया पड सरांच्या."

डिंपल पुढं आली. वाकली. वाकल्यावर, बापाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "सर, माझी आई खरंच वाळवते हो."

आणि सरांच्या तोंडून, सवयीनं, काय निघावं? "यशस्वी हो!" जमीन दुभंगून पोटात घ्यायची ती अशा माणसाला. पण जमिनीलाही काही आवडनिवड असते.

बापलेक जिना उतरायला लागले. खोलीत कुजबुज सुरू झाली. एका बापानं धीर करून विचारलं, "सर, मग आता चार नंबर चालत नाही म्हणायचं. आमच्याची तारीख पुढच्या गुरुवारी आहे. पाच नंबर काय आहे?"

सरांनी वही उघडली. वहीत पाच नंबर नव्हता. त्यांनी डोकं खाजवलं, खिडकीकडं बघितलं, पोरांच्या चेहऱ्यांकडं बघितलं. काही सुचलं नाही. वहीतली पहिली तीन उत्तरं गाईडातली होती आणि चौथं त्या मुलीचं. स्वतःचं म्हणून एक ओळ या माणसाच्या डोक्यातून कधी निघाली नव्हती. बाहेर गुरुवारची तारीख होती, तिच्यामागं शुक्रवारची, आणि दारात उद्याची नवी गिऱ्हाइकं.

"आहे," ते म्हणाले, "पाच नंबर आहे. बसा, आलोच." आणि साठीचा तो माणूस कठड्याला धरून, धापा टाकत जिना उतरला.

बापलेक फरशीच्या दुकानासमोर रिक्षाची वाट बघत उभे होते. पावलांचा आवाज ऐकून डिंपल वळली. सर एवढ्या घाईनं आलेले पाहून तिचा चेहरा एकदम उजळला. ती बापाच्या दंडाला धरून म्हणाली, "आबा, थांबा. सरांना तुम्हाला काही सांगायचंय."

"हो, हो," सर म्हणाले. दम लागला होता. त्यांनी वही काखेतून काढली, पेनाचं टोपण दातानं उघडलं. "रतिलालभाऊ, म्हटलं विचारावं. ते पीठ सोडून... तुमच्या घरी अजून काय काय करता तुम्ही?"

डिंपलच्या चेहऱ्यावरचा सगळा उजेड गेला.

रतिलालला मात्र सरांनी आपल्या घरची चौकशी केली याचंच अप्रूप. तो कौतुकानं म्हणाला, "सर, आमची पुष्पा, हिची माय, काय कमी हाये का? केळीच्या खोडाच्या सोपटाची ती दोरी वळते, आन् त्या दोरीच्या..."

डिंपलनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. भर रस्त्यात, फरशीवाल्याच्या गिऱ्हाइकांसमोर, लेकीनं बापाचं तोंड हातानं घट्ट दाबून धरलं.

रतिलाल आधी चिडला. मग त्यानं लेकीकडं पाहिलं, वहीवर टेकलेल्या पेनाकडं पाहिलं, जिथं 'दोरी' एवढा शब्द लिहूनही झाला होता. मग त्यानं तिचा हात हळूच बाजूला केला आणि सरांना म्हणाला, "लिव्हलं ते खोडा."